सबनीसांच्या नेटवरचा चौथा

“मोबाईल काढ बाहेर,” सबनीससाहेब म्हणाले.

माझे दोन्ही हात कणकेत. परातीत दहा-बारा पोळ्यांची कणीक, निम्मी मळून झालेली. हे कुणाला म्हणतायत म्हणून मी वळून पाहिलं. स्वयंपाकघरात मी आणि हेमाताई, साहेबांच्या मिसेस, दोघीच. ताई खाली बसून शेंगदाणे निवडत होत्या.

“तुलाच सांगतोय, शालन. मोबाईल काढ.”

अकरा वर्षं हा माणूस मला ‘शालनबाई, तुम्ही’ म्हणत आला होता. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, शब्द कसे मोजूनमापून टाकणारा. आणि आज एकदम शालन, आणि तू. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती, आदल्या दिवशीच्या आटवलेल्या दुधाचं पातेलं अजून ओट्यावर होतं.

“हात धुते साहेब, थांबा.”

“हात नंतर धू.”

मग मीही तशीच. कणकेच्या हातांनीच पिशवीत हात घातला, मोबाईल काढला आणि ठेवला त्यांच्या तळहातावर. त्यांनी तो रुमालाने पुसला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला. मोबाईल माझ्या भाच्याचा जुना, गणपतीत घेतलेला. मलाच त्यातलं धड काही कळत नव्हतं, त्यांना काय कळणार!

“आत्ता बंद करून ठेवलंयस,” ते म्हणाले. “हुशार आहेस.”

“काय बंद केलंय साहेब?”

“माझं वायफाय. माझ्या नेटवर तीन यंत्रं असतात. माझा मोबाईल, हिचा मोबाईल आणि कॉम्प्युटर. तीन! आणि यादीत दिसतायत चार. चौथं कुणाचं?”

“मला काय माहीत?”

“या घरात आम्हा दोघांशिवाय रोज कोण येतं? तू. नवा मोबाईल कुणी घेतला? तू. पासवर्डची वही कुठल्या कपाटात असते, कुणाला ठाऊक आहे?”

आता हे पासवर्डचं प्रकरण सांगायलाच पाहिजे. साहेबांचा पासवर्ड बावीस अक्षरांचा. पाहुणा आला आणि त्याने नेट मागितलं, तर साहेब त्याचा मोबाईल हातात घेऊन खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि स्वतः घालून द्यायचे. हेमाताईंनासुद्धा तो माहीत नव्हता. आणि हॉलमध्ये शोकेसवर जो नेटचा डबा होता, तो राउटर, त्याला हात लावायची मला बंदी. बाकी सगळं मी झाडायचं-पुसायचं. तेवढा डबा साहेब स्वतः पुसणार, तोही मनात आलं तरच. देवाला शिवले असते तर चाललं असतं, डब्याला नाही.

“साहेब, मी तुमचं नेट कशाला घेऊ?” मी म्हणाले. “माझ्या मोबाईलवर रोज नेट पडतं, तेच माझ्याकडून संपत नाही. मला फोन आला तर उचलता येतो, एवढंच.”

“आमचा अभिजित कॅनडातून दर रविवारी व्हिडिओवर येतो. गेल्या रविवारी त्याचा चेहरा अडकून बसला. आम्ही इथे ‘हॅलो हॅलो’ करतोय आणि तू फुकटात सिनेमे बघतेयस. चोर कधी कबूल करतो का!”

चोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा गेल्यापासून घरी मी आणि सासू. मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला ‘शरयू’ नावाची ही तीन मजली बिल्डिंग, तिथल्या चार घरच्या पोळ्या माझ्याकडे. अकरा वर्षांत कुणाची साधी सुई इकडची तिकडे झाली नव्हती. या घरात दागिने ओट्यावर काढून ठेवून ताई अंघोळीला जायच्या, मी त्यावर ताट झाकून ठेवायचे.

“ताई, तुम्ही तरी सांगा,” मी म्हणाले.

ताईंनी एक कुजका दाणा उचलून बाजूला ठेवला. वर बघितलंसुद्धा नाही.

“तिला काय विचारतेस?” साहेब म्हणाले. “चल, नीघ.”

आणि नुसतं नीघ म्हणून थांबले नाहीत. मी हात धुऊन, मोबाईल परत घेऊन चपला घातल्या तर माझ्यामागून जिन्यापर्यंत आले आणि वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “या बाईने माझ्या घरात चोरी केलीय! आजपासून हिला माझ्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही!”

दारं उघडली. समोरच्या आरवाडेवहिनी हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या. तिसऱ्या मजल्यावरून लिमयेबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. मी सगळ्यांच्या देखत एकेक पायरी उतरले.

साहेब बिल्डिंगचे सेक्रेटरी. जिन्यात बोलून त्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी ग्रुपवरही लिहिलं. मी ग्रुपवर नाही, आमच्यासारख्यांना कोण घेतंय? पण वॉचमन श्रीपती आहे, त्याने वाचून दाखवलं. ‘शालन या बाईने आमच्या घरातून वायफायचा पासवर्ड चोरला आहे. सर्वांनी सावध राहावे.’

पहिली सावध झाली ती लिमयेबाई. नवरा-बायको दोघं शाळेत, त्यामुळे त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाल्या, “शालनताई, किल्ली जरा देता का? पाहुणे यायचेत, एक जास्तीची लागेल.”

अगं बाई, किल्ली परत मागायचीय तर माग ना सरळ! पाहुणे कशाला मध्ये आणतेस? मी कनवटीची किल्ली काढून दिली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे ‘सध्या नको, नंतर सांगतो’ झालं. राहिल्या समोरच्या आरवाडेवहिनी. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

“मला पटत नाही गं, शालन. पण सबनीसकाकांशी वाकडं घेऊन बिल्डिंगमध्ये राहायचं कसं? थोडे दिवस जाऊ दे.”

त्यांच्या पाठीमागे हॉलमध्ये भिंतभर मोठा नवा टीव्ही चालू होता. त्यातली सासू सुनेला घराबाहेर काढत होती आणि वहिनींचं अर्धं लक्ष तिकडे. मी म्हटलं, बघा, तुमचं चालू द्या.

तीन दिवसांत चार घरं गेली. पैशाचं एक वेळ राहू द्या, कुठेही कणीक मळली तरी माझं पोट भरेल. पण एकदा चोर म्हणून नाव पडलं की मिरजेत कुणी दारात उभं करत नाही. बायका बाजारात भेटल्या की पहिलं बोलतात कुणाची बाई कशी आहे. म्हातारी सासू विचारायची, “आज लवकर आलीस गं?” आणि मी म्हणायचे, सगळे गावाला गेलेत. खोटं बोलायची वेळ आणली माझ्यावर त्या माणसाने!

आठव्या दिवशी श्रीपती स्टेशनच्या कोपऱ्यावर भेटला.

“शालनवहिनी, साहेब म्हणतात, चौथा अजून खातोयच नेट. रोज रात्री जेवणाच्या वेळी सुरू होतो.”

“मग? मी तर पाऊल ठेवलं नाही तिकडे. मोबाईल माझ्या सासूच्या उशाशी पडलेला असतो.”

“तेच तर. साहेब म्हणतात, तुम्ही पासवर्ड कुणाला तरी विकला.”

“विकला?”

“तसं लिहिलंय ग्रुपवर.”

म्हणजे बघा, मी तिथे असले तरी मी चोर, आणि नसले तरी मीच चोर. वर आता दुकान पण उघडलं माझ्या नावाने! मी भाजीची पिशवी श्रीपतीच्या हातात कोंबली, म्हटलं घरी पोचव, आणि तडक केबलच्या ऑफिसात गेले. दोन गल्ल्या पलीकडेच होतं. तिथे मुजावरभाई बसायचे. सबनीसांकडे नेट त्यांनीच बसवलं होतं, आणि त्या दिवशी त्यांना चहा मीच करून दिला होता.

“मुजावरभाई, मला एक सांगा. नेट खाणारा कोण, हे कळतं की नाही?”

“यादीत कळतं की. मोबाईल आहे का कॉम्प्युटर, कधी जोडला, सगळं कळतं.”

“मग साहेबांना का कळत नाही?”

“तसं नाही वहिनी. लोक आकडा बघतात, फार तर वेळ. तीनचे चार झाले, बास. पुढचं नाव कोण वाचतंय? मी तर म्हणालो होतो फोनवर, पासवर्ड बदलून देतो, येतो. म्हणाले, पुराव्याला हात लावायचा नाही.”

“चला माझ्याबरोबर.”

“असं कसं? कनेक्शन त्यांचं, तक्रार त्यांनी करायला पाहिजे.”

“हे बघा,” मी म्हणाले, “अख्ख्या बिल्डिंगला कळलंय की तुमच्या डब्यातून पोळ्यावाल्या बाईने नेट पळवलं. आठवी शिकलेल्या बाईने! उद्या लोक म्हणतील, यांचं कुलूपच कच्चं. मग बसा तुम्ही कनेक्शनं शोधत.”

मुजावरभाई दाढी खाजवत हसले आणि त्यांनी बॅग उचलली.

दार साहेबांनी उघडलं. मुजावरांना बघून ‘या’ म्हणणार तेवढ्यात त्यांच्यामागे मी दिसले.

“हिला कशाला आणलंत?”

“चेकिंग आहे साहेब,” मुजावर म्हणाले. “त्या म्हणाल्या, त्यांच्यासमोर करा.”

“मी आत येत नाही,” मी म्हणाले. “उंबऱ्याच्या आत मला बंदी आहे, सगळ्या बिल्डिंगने ऐकलंय. मी इथेच उभी राहते. इथून सगळं दिसतं.”

खरंच दिसत होतं. समोर हॉल, शोकेस, शोकेसवर डबा. हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. मुजावरांनी बॅगेतून छोटा कॉम्प्युटर काढला, टीपॉयवर ठेवला आणि साहेबांना शेजारी बसवलं. साहेबांनी मान खिडकीकडे करून पासवर्ड घातला. एवढं होऊनही मान खिडकीकडेच!

“हा तुमचा मोबाईल,” मुजावर बोट ठेवून सांगायला लागले. “हा मॅडमचा. हा कॉम्प्युटर. आणि हा चौथा. साहेब, हा मोबाईल नाहीच की.”

“मग काय आहे?”

“टीव्ही आहे. नावातच लिहिलंय. पंचावन्न इंची.”

“आमचा टीव्ही जुना आहे. त्याला नेट चालत नाही.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाचा.”

माझ्याने राहवलं नाही. “काय ओ साहेब, पंचावन्न इंची टीव्ही मी पदराखाली झाकून आणत होते का?”

“तू गप्प बस,” साहेब म्हणाले. “मुजावर, पासवर्ड बाहेर गेल्याशिवाय टीव्ही जोडला कसा जाईल? पासवर्ड कुणीतरी दिलाय, मुद्दा तो आहे.”

“कधी जोडला बघू.” मुजावरांनी खाली-वर केलं. “दसरा. दुपारी दोन छत्तीस.”

“ते मला माहितीय. पहिल्याच दिवशी मी ते लिहून ठेवलंय.”

“दसऱ्याला?” मी ओरडलेच. “दसऱ्याला मी मिरजेतच नव्हते! देशिंगला भावाकडे गेले होते. दोन दिवस!”

“तू कधी येतेस, कधी जातेस, ते मी बघत नाही,” साहेब म्हणाले. “मला विचारू नकोस.”

मुजावर मात्र अजून कॉम्प्युटरमध्येच डोकं घालून होते. “साहेब, एक मिनिट. पासवर्ड दिलेलाच नाही कुणी. हा टीव्ही बटणाने जोडलाय.”

“कुठलं बटण?”

“डब्यावरचं. ज्याला पासवर्ड घालायचा कंटाळा, त्याच्यासाठी सोय असते. डब्याचं हे बटण दाबलं की दोन मिनिटं दार उघडं. तेवढ्यात टीव्हीवरून, मोबाईलवरून जो कोणी ‘जोड’ म्हणेल तो आत. पासवर्ड बावीस अक्षरांचा असो नाहीतर दोनशे, कुणी विचारत नाही.”

“आमच्याकडे कोणी बटण दाबत नाही. त्या डब्याला मी कुणाला हात लावू देत नाही.”

मुजावर उठले, शोकेसपाशी गेले आणि डबा उचलून पुढची बाजू उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

“साहेब, हे कुंकू कुणी लावलं?”

डब्याच्या समोरच्या अंगाला टिकलीएवढं गोल बटण, आणि त्या बटणावर बरोब्बर मधोमध हळद आणि कुंकू. वाळून पापुद्रा झाला होता. अँटेनाला झेंडूची एक सुकलेली पाकळी अडकलेली.

दसऱ्याला साहेब शस्त्रपूजा करायचे, मला माहीत होतं. त्यांची जुनी मोजपट्टी, नकाशे काढायची पेटी, स्कूटर, कॉम्प्युटर, मिक्सर, सगळ्याला गंध-फूल. आणि साहेबांचं गंध म्हणजे नुसतं टेकवणं नाही. स्टॅम्प मारल्यासारखं दाबून.

“पूजा मी केली होती,” साहेब म्हणाले. “मुहूर्तावर. गुरुजींनी ग्रुपवर वेळ पाठवली होती. दोन वीस ते तीन सात.”

“म्हणजे दोन छत्तीसला तुमचं बोट बटणावर,” मुजावर म्हणाले. “आणि त्याच दोन मिनिटांत जवळपास कुणीतरी टीव्ही जोडत होतं.”

मी उंबऱ्यावर उभी होते ना, माझ्या पाठीशीच समोरचं दार. दार उघडं, आणि आतून त्या टीव्हीतल्या सासूचा आवाज. मी गर्रकन वळले.

“आरवाडेवहिनी! ओ वहिनी, जरा बाहेर या.”

वहिनी आल्या.

“तुमचा टीव्ही कधी आला?”

“दसऱ्याला. का गं? मुहूर्तावरच चालू केला की. गुरुजींनी वेळ दिली होती ना.”

“जोडला कसा?”

“दुकानाचा माणूस आला होता. त्याने पासवर्ड विचारला. तो ह्यांनाच पाठ, आणि हे खाली गाडीची पूजा करत होते. तर तो म्हणाला, पासवर्ड राहू दे, तुमच्या डब्याचं बटण दाबा, मी टीव्हीवर दाबतो. मी दाबलं. आमचा डबा जुना, त्याचा दिवाच लागला नाही. पण टीव्ही लागला. तो म्हणाला झालं काम, आणि गेला.” बोलता बोलता वहिनींचा चेहरा उतरला. “अगं बाई. काय झालं?”

“टीव्ही बंद करा जरा,” मुजावर आतून ओरडले.

वहिनी आत पळाल्या. सासूचा आवाज थांबला. मुजावरांनी कॉम्प्युटर साहेबांकडे वळवला. “बघा. चौथा गेला. लावा वहिनी परत. हा, आला.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्या रडायलाच लागल्या, मला सांगतात, “शालन, मला स्वप्नातसुद्धा माहीत नव्हतं गं.” त्यांचा काही दोष नव्हता आणि मी तसं सांगितलंही. मी साहेबांकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे ही तांत्रिक गोष्ट आहे,” ते म्हणाले. “यात कुणाचीच चूक नाही.”

काय सांगू तुम्हाला! ‘चोर’ ऐकून जेवढी आग झाली नव्हती तेवढी या एका वाक्याने झाली.

“कुणाचीच चूक नाही?” मी म्हणाले. “आठ दिवस चूक होती ना साहेब? आठ दिवस चोरी होती, चोर होता, चोराला नाव होतं, शालन वाघमोडे! आता बोट तुमचं निघालं तर चोरी पण गेली आणि चूक पण गेली?”

“आवाज चढवू नका शालनबाई.” बघा, ‘तुम्ही’ परत आलं. “झालं गेलं विसरून जा. उद्यापासून या कामाला.”

“येईन नाहीतर न येईन. आधी ग्रुपवर लिहा.”

“लिहितो की सवडीने.”

“चोर लिहायला सवड लागली नव्हती. आत्ता लिहा, मी इथे उभी आहे.”

त्यांनी मोबाईल काढला. बोटं चालली. मी मुजावरांना म्हटलं, वाचा. मुजावरांनी अवघडून वाचलं, “‘काही तांत्रिक कारणाने गैरसमज झाला होता. विषय संपला आहे. सेक्रेटरी.’”

“खोडा ते,” मी म्हणाले. “सेक्रेटरीने नाही म्हटलं मला चोर. मी सांगते तसं लिहा. मी, मुकुंद सबनीस. राउटरचं बटण माझ्या हाताने दाबलं गेलं. शालनबाईंनी काही चोरलं नाही, काही विकलं नाही. मी त्यांच्यावर केलेला आळ खोटा होता.”

“चुकीचा होता, असं लिहितो.”

“खोटा.”

“अहो, शब्दाने काय फरक पडतो?”

“पडत नाही ना? मग लिहा खोटा.”

त्यांनी मुजावरांकडे बघितलं. मुजावर वायर गुंडाळत होते, त्यांनी मान वर केली नाही. साहेबांनी लिहिलं. आरवाडेवहिनींच्या हातातला मोबाईल वाजला, खाली डॉक्टरांकडे वाजला, वर लिमयांकडे वाजला. वहिनींनी डोळे पुसत मोठ्याने सगळं वाचून दाखवलं. ‘खोटा’ हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला.

“शालन,” हेमाताई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलल्या. “तुझा डबा राहिलाय गं त्या दिवशीचा. आत ये, देते.”

मी उंबरा ओलांडला. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात होतं की उद्यापासून यावं. ताईंसाठी यावं. अकरा वर्षं दोघींनी एका ओट्यापाशी काढली होती. माझा नवरा गेला तेव्हा पहिला डबा आणला तो ताईंनी, आणि त्यांचा गुडघा धरला तेव्हा तेल चोळायला मीच बसायचे. नवऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही, हे मला काय नवीन होतं? त्या दिवशी त्या गप्प राहिल्या त्या भीतीने, आणि त्यांना तरी खरं काय ते कुठे माहीत होतं, असं मी मनाशी म्हणत होते.

ताई फडताळातून डबा काढत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले. ओट्याच्या वर, गॅसच्या बाजूला, त्यांचं कॅलेंडर टांगलेलं. आपल्याकडे सगळ्या घरांत असतं तसं. दूध कधी आलं नाही, सिलेंडर कधी लावला, बाईची सुट्टी कधी, सगळं त्या चौकोनांत. नव्या महिन्याचं पान उलटायला अवकाश होता.

दसऱ्याच्या चौकोनाभोवती लाल पेनाने गोल केलेला. आत साहेबांचं ताठ अक्षर: ‘चौथे यंत्र, दु. २.३६’. आणि त्याच चौकोनात, त्या लाल अक्षरांच्या खाली, निळ्या पेनाने, ताईंचं तिरकं अक्षर.

‘शालन सुट्टी’.

पुढच्या चौकोनातही तेच. साहेबांनी लाल गोल काढताना तो निळा शब्द निम्मा कापला गेला होता, पण वाचता येत होता. साहेबांनी तो वाचला नसेल, हे मी मानते. सुट्ट्या, दूध, सिलेंडर हे त्यांच्या लेखी अक्षरच नव्हतं.

पण ताई? त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. सुट्टी त्यांनीच दिली होती, जाताना भावाच्या पोरांना म्हणून श्रीखंडही बांधून दिलं होतं. आणि हा लाल गोल गॅससमोर, डोळ्यांच्या पातळीवर. चहा टाकताना समोर, भाजी फोडणीला घालताना समोर, आठ दिवस.

“ताई,” मी म्हणाले. “हे तुम्ही रोज बघत होता?”

ताई डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाहेर हॉलमध्ये साहेब मुजावरांना विचारत होते, ते बटण कायमचं बंद करता येतं का.

“मला ह्यांच्याबरोबर दिवस काढायचेत गं, शालन,” ताई अगदी हळू म्हणाल्या. “तुझं काय, तू दुसरी घरं धरली असतीस.”

मी डबा घेतला आणि बाहेर पडले. मुजावरांसाठीही थांबले नाही.

याला आता सात-आठ वर्षं झाली. आरवाडेवहिनी आणि डॉक्टरांनी परत बोलावलं, मी गेले, अजून जाते. लिमयेबाई किल्ली घेऊन घरापर्यंत आल्या, त्यांना म्हटलं, आता वेळ नाही. सबनीसांच्या दाराकडे बघायचं मी सोडून दिलं. ताईंनी दोनदा श्रीपतीकडून निरोप पाठवला. दिवाळीचा फराळ पाठवला, तो मी श्रीपतीलाच खायला लावला. साहेब गेल्या वर्षी वारले तेव्हा मात्र मी गेले, टेकून बसलेल्या ताईंना लांबून बघितलं आणि परत आले.

मागच्या महिन्यात भाजी मंडईत त्यांनीच मला गाठलं. खूप वाळल्या आहेत. हातात काठी. माझा हात धरला आणि सोडेनात.

“शालन, ह्यांनी सगळ्यांसमोर लिहून दिलं होतं की गं. ‘खोटा’सुद्धा लिहिलं. तरी तू आली नाहीस. आता तर ते राहिलेही नाहीत. मेलेल्या माणसावर एवढा राग धरावा का?”

“साहेबांवर कसला राग, ताई?” मी म्हणाले. “त्यांना खरंच वाटलं मी चोर आहे, म्हणून ते चोर म्हणाले. तुम्हाला तर माहीत होतं मी नाही.”